आत्या आमच्याकडे डोळ्यांसाठी आली तेव्हा

आत्या आली ती दिवाळी उलटल्यावर, भातं झोडून घरात आल्यावर. तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या आतेभावानं, तिला सावर्ड्याहून एसटीनं रत्नागिरीला आणलं, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दारात उभं केलं आणि तो म्हणाला, "ही घे तुझी आत्या. वाटेत तीनदा विचारलंन, समुद्र दिसायला लागला काय म्हणून. लागला असता तरी हिला कुठं दिसणार होता?"

आत्या हसली. हसताना तिनं चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला होता, पण नजर माझ्या खांद्यापलीकडे कुठंतरी होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पुरता पिकलेला, डाव्याला फक्त उजेड नि सावली कळायची. मी पुढं होऊन तिचा हात धरला. तो हात मला लहानपणापासून ठाऊक होता. तळवा चपटा, कडक, नि बोटांना कायम राखेचा वास.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील तिच्याहून सात वर्षांनी लहान. त्यांना तिनंच वाढवलं, असं घरात बोललं जायचं. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि त्यांच्या बाजूचं वडीलधारं असं मला ती एकटीच उरली होती.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. माळनाक्याच्या बाजूला आमची नवी इमारत होती. भोवती जांभ्याचा गडगा, मागे जुन्या वाडीतली राहिलेली चार नारळाची झाडं नि एक विहीर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी. आमचा गॅसचा नंबर नुकताच लागला होता. मिक्सर लग्नात आहेर म्हणून आलेला. मला पाचवा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी विश्रांती सांगितल्यामुळे मी ऑफिसातून रजा घेतली होती. हे सकाळी कामावर जायचे ते दुपारी जेवायला यायचे, पुन्हा जायचे. मधला सगळा वेळ घर रिकामं असायचं. त्या रिकाम्या घरात आत्या आली.

ऑपरेशन चांगलं झालं. आठवडाभर दवाखान्यात दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून तिला उताणी निजवलं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी एक-एक करून सांगितलं. वाकायचं नाही. ओझं उचलायचं नाही. खोकला आला तर दाबायचा. धुराजवळ जायचं नाही. आणि रडायचं तर मुळीच नाही, टाके आहेत.

"मग बाईमाणसानं करायचं काय?" आत्यानं विचारलं.

डॉक्टर तरुण होते. हसून म्हणाले, "पडून राहायचं, आजी. दीड महिना. मग चष्मा देतो."

रिक्षात बसल्यावर ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "पडून राहायचं म्हंजे कसं गो?"

बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिची खाट टाकली. उजव्या डोळ्यावर कापसाची चकती, वर हिरवं फडकं. डावा डोळा उघडा, पण तो असून नसून सारखाच. म्हणजे आमचं घर तिनं त्या दीड महिन्यात डोळ्यांनी पाहिलंच नाही. ती ते ऐकत होती.

पहिल्या सकाळी मी चहाचा कप तिच्या हातात दिला, तर ती दचकली.

"तू उठलंस कदी?"

"मघाशीच. सात वाजले आत्या."

"आणि चूल कदी पेटवलंस? फाटी मोडल्याचा आवाज नाय, फुंकल्याचा आवाज नाय. धुराचा वास पण नाय."

मी तिला गॅसचं सांगितलं. तिला गॅस ठाऊक नव्हता असं नाही, सावर्ड्याच्या बाजारात कुणाकडे तरी आलेला तिनं ऐकला होता. पण ऐकणं वेगळं नि त्यावरचा चहा पिणं वेगळं. तिनं कप नाकाशी नेऊन वास घेतला. धुराचा वास नसलेला चहा ती बहुधा पहिल्यांदाच पीत होती. "गवती चहा घातलंस तो कळतोय," ती म्हणाली. "आमच्याकडे घालतो तो धुरात जातो."

मग एकेक आवाज तिच्या ओळखीचा होत गेला. काडी ओढल्यावर होणारा 'भक्क' म्हणजे गॅस. कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा ती उठून बसली आणि "कोण आलं?" म्हणाली. तिसऱ्या दिवसापासून मात्र ती खाटेवरून मला सांगायला लागली, "तीन झाल्या गो, उतरव." मिक्सरचा आवाज तिला मुळीच आवडला नाही. दगडाच्या खाणीसारखा वाटतो म्हणाली. पण तो बंद झाल्यावर तिनं मला वाटप घेऊन जवळ बोलावलं, दोन बोटांत चोळून बघितलं, जिभेवर ठेवलं.

"खोबरं जरा भरड राहिलंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं. मी पुन्हा फिरवून आणलं, तर तिनं पुन्हा चोळून बघितलं नि काही बोलली नाही.

चार दिवसांनी हे जेवायला आले असताना तिनं त्यांच्याकडे तक्रारच केली. "जावयबापू, हिला घरात काय काम नाय बगा. दिवसभर घरात आवाजच होत नाय. जेवण आपलं आपण शिजतंय."

"मी सांगतो तिला आवाज करायला," हे म्हणाले. आत्या इतकी हसली की मला तिला डॉक्टरांची आठवण करून द्यावी लागली.

मला आज त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर त्या दुपारी. जेवणं झालेली असायची. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ बारीक चालू असायचा, शब्द न कळण्याइतका. तीनच्या सुमाराला समुद्राकडचा वारा सुटायचा. समुद्र आमच्याकडून दिसत नसे, पण तो वारा खिडकीचा पडदा आत ढकलायचा, भरायचा, सोडायचा. नारळाच्या झावळ्यांच्या सावल्या भिंतीवर हलायच्या. मी आत्याच्या खाटेखाली गार लादीवर चटई टाकून आडवी व्हायची. पोटातलं मूल त्या वेळी हलायला लागलेलं. वर खाटेवरून आत्याचा आवाज यायचा. छताला सांगत असल्यासारखा, सावकाश, मध्ये बराच वेळ थांबून. मी जागी आहे की नाही हेही ती विचारत नसे. कधी मी अर्धवट पेंगलेली असायची आणि तिच्या बोलण्यातली माणसं माझ्या डोळ्यांसमोरून जायची, कुणाचा चेहरा नाही, नुसती पावलं नि लुगड्यांचे काठ.

तिचं माहेर नि सासर एकाच गावात, सावर्ड्यापासून आत दोन कोसांवर, दोन वेगळ्या वाड्यांमध्ये. तिच्या लहानपणी काडेपेटी जपून वापरायची वस्तू होती. संध्याकाळी चूल विझताना निखारा राखेत पुरून ठेवायचा. सकाळी तो जगला तर बरं, नाहीतर करवंटी घेऊन शेजारी जायचं, विस्तव मागायला. "विस्तव नाय म्हणून कोण सांगत नसे," ती म्हणायची. "भांडण असलं तरी विस्तव द्यायचे. करवंटीत राख टाकायची, वर निखारा, नि वाऱ्याला पाठ करून पळत सुटायचं." पावसाळ्यात फाटी ओली. चूल पेटायची नाही, नुसता धूर. फुंकणीनं फुंकून फुंकून डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागायच्या. तिच्या सासूला पन्नाशीतच दिसेनासं झालं. ती मरेपर्यंत चुलीपाशी बसायची, चाचपून भाकऱ्या भाजायची आणि कुणालाच त्याचं काही वाटत नसे.

"आणि जात्यावर ओव्या म्हणायचीस ना?" मी खालून विचारलं. मला जात्याचं फार आकर्षण होतं. पहाट, घरघर, बायकांचे सूर. "किती छान वाटत असेल ना आत्या?"



"छान," ती म्हणाली. "ओवी नाय म्हटली तर डोळा लागायचा नि पीठ भरड पडायचं. सासू आत निजून ऐकत असायची. ओवी थांबली की तिला कळायचं. म्हणून म्हणायचं." मग तिला माझी दया आली असावी. "पण ओव्या होत्या छान. तुला म्हणून दाखवीन एखादी."

तिनं म्हणून दाखवली नाही. पाण्याविषयी मात्र बोलली. गावात विहिरी होत्या, पण शिमग्यानंतर तळ गाठायच्या. मग बायका खाली पऱ्यात उतरायच्या. पऱ्या म्हणजे पावसाळ्यात गर्जत जाणारा ओढा. उन्हाळ्यात नुसते धोंडे. त्या धोंड्यांतली वाळू हातांनी उकरायची, हातभर खड्डा करायचा. त्याला डवरा म्हणायचे. डवऱ्यात पाणी झिरपत यायचं, बोटभर, दोन बोटं. करवंटीनं ते भरून कळशीत ओतायचं नि पुन्हा झिरपायची वाट बघत बसायचं.

"ते बसणं मला आवडायचं गो," ती म्हणाली. "दिवसात तेवढंच बसायला मिळायचं. वर आंब्याची सावली. पानी येईस्तवर कोण तुला ऊठ म्हणू शकत नाय. आम्ही बायका डवऱ्याभोवती बसून काय काय बोलायचो. घरी बोलता येत नसे ते सगळं तिथं."

मी डोळे मिटून ते बघत होते. वाळूतून वर येणारं पाणी, सावली, बायकांची कुजबूज. मला वाटलं, आपल्याला असं काही मिळालं नाही. आपल्याकडे नळ आहे नि त्याच्यापाशी एकटं उभं राहायचं. आज हे लिहिताना मला त्या विचाराची थोडी लाज वाटते, पण तेव्हा तो विचार मनात आला होता, खरं तेच सांगते.

तिला येऊन महिना झाला असेल. एके दिवशी सकाळी इमारतीच्या पंपाची मोटर जळली आणि गच्चीवरची टाकी रिकामी झाली. हे कामावर गेल्यावर मला कळलं. भांडी पडलेली, तांदूळ धुवायचे होते, प्यायचं पाणी तेवढं माठात होतं. हे दुपारी आले असते, त्यांनी दोन बादल्या आणल्या असत्या. तेवढा वेळ थांबायला काही हरकत नव्हती. पण मला वाटलं, खाली विहीर आहे, दोर-कप्पी आहे. एक कळशी आपण आणू. माझ्या लग्नातली पितळी कळशी फडताळावर शोभेला ठेवलेली होती, चिंचेनं घासून चकचकीत केलेली. ती मी खाली काढली. खरं सांगायचं तर मला मजाच वाटत होती. महिनाभर ऐकलेलं सगळं आपणही एकदा करून बघावं, अशी.

दारातून बाहेर पडताना कळशी चौकटीला लागली आणि खणखणली. आत्या खाटेवर होती. "काय गो ते?" तिनं विचारलं. "काही नाही, आलेच," मी म्हटलं आणि जिना उतरले.

विहिरीवर मजा लगेच संपली. दोर हाताला काचत होता. कळशी पाण्यात आडवी होत नव्हती, झाली तर निम्मीच भरत होती. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा पाऊण भरली होती. तेवढी पुरे म्हणून मी ती कमरेवर घेतली. पोट पुढं आल्यामुळे ती नीट बसेना. मी एक हात जिन्याच्या कठड्यावर ठेवून चार पायऱ्या चढले आणि वरून आवाज आला.

"खाली ठेव!"

मी मान वर केली. आत्या पहिल्या मजल्याच्या वळणावर उभी होती. अनवाणी. एका हातानं कठडा धरलेला, दुसरा हात समोर हवेत पसरलेला, डोळ्यावरचं हिरवं फडकं एका कानापाशी सुटून लोंबत होतं. ती एकटी, न दिसणाऱ्या जिन्यावरून एक मजला उतरून आली होती.

"आत्या, अगं पडशील! थांब तिथंच!"

"खाली ठेव म्हंते ना ती कळशी! ठेव आधी! ठेव!"

तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी कळशी पायरीवर ठेवली. ठेवल्याचा आवाज ऐकल्यावर तिचा हवेतला हात खाली आला. मी वर जाऊन तिला धरलं. तिनं माझा हात चाचपला, मग खांदा, आणि मग तिचा तळवा माझ्या पोटावर आला. महिनाभरात पहिल्यांदा.

"दुखतंय काय?"

"नाही गं. काही झालेलं नाही."

"बस. बस हितंच."

पहिल्या मजल्यावरच्या काकू आवाज ऐकून बाहेर आल्या. त्यांनी आम्हा दोघींना धरून वर आणलं, कळशीही आणून मोरीत ठेवली आणि मला चार शब्द सुनावले. त्या गेल्यावर मी आत्याला निजवलं, फडकं पुन्हा बांधलं. तिचा चेहरा वाकडा व्हायला लागला होता. मी घाबरले. म्हटलं, "आत्या, रडू नकोस हां. टाके आहेत."

"रडत नाय," ती म्हणाली. आणि मग, डॉक्टरांनी रडायचं नाही सांगितलं होतं म्हणून, कोरड्या आवाजात तिनं मला माझ्या आजीचं सांगितलं.

मला आजीविषयी एकच वाक्य ठाऊक होतं. वडील म्हणायचे, "माझी आई मी लहान असतानाच गेली." त्यापुढं ते कधी काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नव्हतं.

तेव्हा आत्या दहा वर्षांची होती, वडील तीन. चैत्र संपत आलेला. आजीला आठवा महिना. पाणी तर लागायचंच. सकाळच्या दोन खेपा झाल्या होत्या, तिसरी चालू होती. पऱ्यातून वर वाडीकडे येणारी चढण होती, तिला घाटी म्हणायचे. लाल मातीची, वर सुटे जांभ्याचे खडे. आजीच्या डोकीवर हंडा, कमरेवर कळशी. आत्या मागून छोटी कळशी घेऊन येत होती.

"मी मागं होते," आत्या म्हणाली. "आवशीचे पाय माझ्यासमोर होते. एक पाय सटाकला. एवढंच मी बघितलं. ती बसलीच खाली. आणि हंडा माझ्या बाजूनं गडगडत गेला, घाटीवरनं खाली, धोंड्यांवर आपटत, थेट पऱ्यापर्यंत. तो आवाज किती वेळ येत होता गो. आवस काय बोलत नव्हती आणि तो हंडा मात्र वाजत होता."

माणसं धावत आली. तिला घोंगडीत घालून घरी नेलं. वाडीतल्या जाणत्या बायका होत्या, त्यांना जमेल ते त्यांनी केलं. मूल रडलंच नाही. आजी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली.

खाली कुणीतरी विहिरीवर आलं होतं. कप्पीची करकर ऐकू येत होती. मी आत्याचा हात धरून बसले होते.

"मग घरात माणसं जमली," ती म्हणाली. "आणि घरात पानी नाय. प्यायला नाय, त्या लोकांनी अंघोळी करायच्या तर त्याला नाय. सगळे एकमेकांकडे बघतायत. मी पऱ्यात गेले नि हंडा शोधून आणला. एका बाजूनं चेपलेला. बापूस जा म्हणून पण म्हणाला नाय, आणि जाऊ नको म्हणून पण म्हणाला नाय. त्याच हंड्यानं मी लग्न होईस्तवर पानी भरलं."

रडायला मला कुणी मनाई केली नव्हती. माझं रडणं तिला ऐकू आलं असणार, कारण तिनं हात वर करून माझं डोकं चाचपलं आणि केसांवरून हात फिरवला.

"तुझ्या घरात मला बरं का वाटत होतं, ठाऊक हाय?" ती म्हणाली. "महिना झाला, हितं कोण जड उचलत नाय. मी ऐकत होते. आज पितळेचा आवाज आला."

त्या दुपारी हे आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते मला एक शब्द बोलले नाहीत. रिक्षा आणून त्यांनी आत्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मात्र बोलले, दोघींनाही पुरे होईल इतकं. डोळा थोडा लाल झाला होता, टाके शाबूत होते. थेंब वाढवून दिले. मलाही दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. सगळं ठीक होतं.

मोटर दुरुस्त व्हायला तीन दिवस लागले. तेवढे दिवस पाणी ह्यांनी आणि खालच्या काकूंच्या यजमानांनी वर चढवलं. चौथ्या दिवशी सकाळी मोरीतला नळ खोकला, फुसफुसला, थुंकल्यासारखं करून थांबला आणि मग धार लागली. आत्या खाटेवरून म्हणाली, "आलं काय?"

"आलं."

"मला ने तिथं."

मी तिला हात धरून मोरीपाशी नेलं. तिनं हात पुढं केला, तो धारेला लागेपर्यंत मी तिला नेत राहिले. पाणी तिच्या तळव्यावरून, बोटांतून पडत होतं. ती उभी होती. मला वाटलं, आता ती आजीविषयी काही म्हणेल.

"बंद कर गो," ती म्हणाली. "वाया जातंय."

पौषात चष्मा मिळाला. जाड भिंगांचा, काळ्या फ्रेमचा. त्या भिंगांमागे तिचे डोळे एकदम मोठे, लहान मुलासारखे दिसायला लागले. दवाखान्यातच तिनं आधी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. "बापासारखी झालंस," ती म्हणाली. "नाक पण त्याचंच."

घरी आल्यावर तिनं सगळं पाहायला मागितलं. मी एकेक वस्तू हातात घेऊन दाखवत गेले. कुकर बघून ती निराश झाली. "हा? एवढासा? आवाजावरनं मला वाटलेलं रांजणाएवढा असेल." गॅसची निळी ज्योत मात्र तिला फार आवडली. कमी करून बघितली, वाढवून बघितली. मिक्सरच्या वाटेला ती गेली नाही. मग ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली आणि भिंतींकडे बघायला लागली. मला कळेना ती काय बघतेय. तिथं काहीच नव्हतं. तिनं गॅसच्या मागच्या भिंतीवरून हात फिरवला आणि बोटं उलटी करून चष्म्याजवळ नेली.

"पांढरी हाय," ती म्हणाली. "चुलीमागची भिंत पांढरी हाय."

तिच्या घरची ती भिंत मी लहानपणी पाहिली होती. काळी, चकाकती, जणू डांबर फासलेली. वर छपराखालच्या पाटाड्यापर्यंत काजळी लोंबायची. ती सगळी काजळी नाही म्हटलं तरी कुणाच्या तरी श्वासातूनही गेली असणार, हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं.

आत्या गावी गेली. फाल्गुनात मला मुलगी झाली. दवाखान्यात, सुखरूप. बारशाला आत्या आली, चष्मा नाकावर, हातात कुळथाची पिशवी. मुलीकडे तिनं इतक्या जवळून बघितलं की भिंग बाळाच्या नाकाला लागलं नि बाळ शिंकलं.

मुलगी चालायला लागल्यावर पुढं आम्ही एकदा आत्याच्या गावी गेलो. गावात नळपाणी योजना झाली होती. आत्याच्या खळ्याच्या कडेला सिमेंटच्या खांबावर नळ होता, सकाळी तासभर यायचा. घरात सुनेनं ओटा करून घेतला होता आणि त्यावर रॉकेलचा स्टो होता. "आत्याबाईंनीच हट्ट केलान," सून मला सांगत होती. "म्हणाल्या, माझ्या डोळ्यांसमोर तू फुंकणी हातात धरायची नाय. आता दिसतंय ना त्यांना."

मी आत्याला म्हटलं, "मला ती घाटी दाखव."

तिनं जराशानं हो म्हटलं. आम्ही दोघीच गेलो. वाडीच्या टोकाला, तिच्या माहेरच्या घरामागे. ती पुढं, मी मागं. एका जागी ती थांबली, इकडं-तिकडं बघितलं, दहा पावलं परत आली, पुन्हा थांबली. समोर नुसती करवंदीची जाळी होती, रान माजलेलं, मध्ये कुड्याची रोपटी कमरेएवढी. खाली कुठंतरी पऱ्या असणार, पण दिसत नव्हता.

"हितनंच होती," ती म्हणाली. चष्मा काढून तिनं पदरानं पुसला, पुन्हा घातला. पुन्हा बघितलं. "वाट मोडली."

"कुणी जात नाही वाटतं आता."

"कशाला जातील?"

ती थोडा वेळ उभी राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथं दुःख असेल असं मला वाटलं होतं. ते नव्हतं. एखादं जुनं दुखणं तपासून घ्यावं आणि ते बरं झालेलं निघावं, तसं काहीतरी होतं. मग तिनं जाळीतली पिकली करवंदं तोडायला सुरुवात केली. मी पण हात घातला. आम्ही ओंजळभर करवंदं घेऊन परत आलो आणि सुनेनं स्टोवर केलेला चहा घेऊन संध्याकाळच्या गाडीनं मी मुलीला घेऊन रत्नागिरीला निघाले.

आत्या त्यानंतर नऊ वर्षं जगली. दर हिवाळ्यात ती आमच्याकडे पंधरा दिवस यायची. मी तिला कुठं कुठं नेलं. हेदवीला गणपती दाखवला, पावसला नेलं, भाट्याच्या किनाऱ्यावर बसून तिनं समुद्र पोटभर पाहिला. पण तिला खरी ओढ आमच्या दोन खोल्यांचीच होती. दर वर्षी घरात काहीतरी नवं असायचं. एका वर्षी पाणी तापवायचा हीटर, एका वर्षी फ्रीज. ती फ्रीजचं दार उघडायची, आतला दिवा लागलेला बघायची, दार मिटायची. दार मिटताना दिवा विझतो की नाही, यावर ती नि माझी मुलगी तासन् तास वाद घालायच्या.

गावात कुणी विचारलं, भाचीकडे कशाला जातेस, तर सांगायची, "हवापालटाला." आणि इथं आल्यावर दुपारी, जेवणं झाली की, खिडकीशी आडवी व्हायची. वारा सुटायचा. मी म्हणायची, "आत्या, काही हवंय का?"

"काय नको," ती म्हणायची. "काय काम नाय ना? मग बस हितं."